वासूला मिळालेले अंगठे

वासू फोनवर कधी टाइप करत नसे. पडवीतल्या बाकावर मांडी घालून बसायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, फोन नाकापासून चार बोटांवर आणून त्यातल्या फोटोतला मासा निरखायचा आणि मग फोनलाच ओरडून सांगायचा. फोन ते ऐकून लिहून घेई, पण त्याआधी निम्म्या आळीने ते ऐकलेलं असे. "ह्या सुरमयेचे डोळे बघ. माझ्या आजयेक मोतीबिंदू झालो, तेवा तिचे असेच दिसत." रस्त्याने जाणारा एखादा सायकल थांबवून विचारी, "कोणाची रे सुरमय?" वासू सांगे, "दादरच्या एका सायबाची." मग दोघेही दादरच्या साहेबाला मनसोक्त हसत.

पस्तीस वर्षं तो मालवणच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. कॉम्प्रेसरच्या धडधडीत हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नसे, त्यामुळे त्याचा आवाज त्या मापाने घडला तो घडलाच. पुढे निवृत्त झाला, बायको गेली, कान जरा उणे झाले, पण आवाज उतरला नाही. मासा मात्र त्याला कळायचा. कुठली मासळी किती दिवस बर्फात पडून होती हे तो नुसत्या फोटोवरून सांगे आणि त्यात चुकलेला मी तरी त्याला पाहिला नाही. हे मी आधीच मोकळेपणाने कबूल करून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा मोकळेपणा फारसा दिसणार नाही.

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. बसस्थानकावरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून मी आयुष्यभर भोंग्यावरून बोललो. "प्रवाशांना नम्र विनंती" हे माझं पालुपद. शब्द स्पष्ट, आवाज संथ, गाडीचा क्रमांक दोनदा. आणि आयुष्यभर कुणी ते ऐकलं नाही. कणकवलीची गाडी लागल्याची घोषणा करून मी भोंगा बंद करावा, तर खिडकीत डोकं घालून कुणीतरी विचारणारच, "कणकवली लागली काय ओ?" वासूही मला कंट्रोलरच म्हणायचा. माझं खरं नाव त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

निवृत्त झाल्यावर मी फेसबुकवर 'ताटातली मासळी' नावाचा ग्रुप काढला. सुरुवातीला आम्ही साठ-सत्तर जण होतो, सगळे ओळखीपाळखीचे. मग मुंबईचे चाकरमानी आले, त्यांच्यामागून दुबईवाले, कॅनडावाले आले, आणि चार वर्षांत सभासद चाळीस हजारांवर गेले. मी रोज सकाळी आंघोळ करून एक लेख टाकत असे. कुठल्या महिन्यात कुठला मासा अंड्यावर असतो, तिसऱ्यांच्या शिंपल्या धुवायच्या कशा, सोलकढीत लसूण घालावी की नाही. खाली न चुकता लिहीत असे, "सदस्यांना नम्र विनंती, आपले अनुभव कळवावेत." त्याला दहा-अकरा अंगठे मिळत. त्यातला एक बायकोचा, एक सुनेचा आणि एक, आता लपवण्यात अर्थ नाही, माझा स्वतःचा.

वासूला ग्रुपमध्ये मीच घेतला. शेजारधर्म म्हणून घेतला. तिसऱ्या दिवशी त्याने ती दादरची सुरमई पाहिली आणि मोतीबिंदूचं वाक्य टाकलं. संध्याकाळपर्यंत त्याला नऊशे अंगठे पडले होते, आणि खाली एकामागोमाग एक "व्हय म्हाराजा", "व्हय म्हाराजा". आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा बोलणारा एकच असतो आणि बाकीचा गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. देवळात मात्र तो एकटा सगळ्यांचं बरं मागत असतो. इथे लोक शिवीलाही व्हय म्हणत होते आणि वर हसत होते.

मला त्याचा हेवा वाटू लागला. असूया, मत्सर, काय ते नाव द्या, मी नाही म्हणणार नाही. जत्रेत देवाच्या रांगेपेक्षा खाज्याच्या मिठाईवाल्याकडे गर्दी असते हे मला ठाऊक होतं, पण ही जत्राच मी भरवली होती. सकाळी उठून आधी मी त्याच्या वाक्यांचे अंगठे मोजायचो, मग माझे. जेवताना मन लागेना. बायको वाढायला आली की मी सांगे, "वासूक आज बाराशे." ती म्हणे, "मगे? तेका काय बाराशे बांगडे गावले?" तिला त्यातलं काही कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत काढत असे.

एकदा न राहवून मी त्याच्या पडवीत जाऊन बसलो आणि विचारलं, "वासू, तू लोकांका असा बोलतंस, आणि तरी लोक तुका डोक्यार घेतत. ह्या कसा काय?"

"कारखान्यात 'कृपया' म्हटलेला कोणाक आयकाक येय नाय," तो म्हणाला. "'मेल्या, लादी पडता पायार' म्हटला काय माणूस उडी मारी. गर्दीत तसाच आसा. गोड बोलणारो काय बोललो, ता कोणाक आठवता?" आणि म्हणाला, "तुझे लेख वाचतंय हां मी. दुपारची झोप बरी लागता."

हे तो प्रेमाने बोलला होता हे मला आता कळतं. त्या दिवशी मी घरी आलो आणि त्याला ग्रुपमधून काढायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. दाबलं नाही. तो गेला तर अर्धा ग्रुप त्याच्यामागे जाईल, ही भीती होती.

पुढे ग्रुपची हवाच पालटली. वासूचं पाहून दुसरे बोलू लागले. ज्यांनी बांगड्याचा डोळा आयुष्यात ताटाबाहेर पाहिला नव्हता असे लोक कुणाच्याही तव्याला, भांड्याला, ओट्याला, ओट्यामागच्या बाईच्या साडीला नावं ठेवू लागले. "शिरा पडो तुझ्या तोंडार" हे शिवीचं वाक्य आमच्याकडे आई लाडक्या लेकाला म्हणते. ते आता अनोळखी माणसं अनोळखी माणसांना लिहीत होती. रत्नागिरीच्या एक बाई आईच्या हातच्या जुन्या पदार्थांवर फार छान लिहायच्या, त्या बंद झाल्या. आचऱ्याचे एक निवृत्त पोस्टमन बंद झाले. भांडले नाहीत, काही नाही, नुसते दिसेनासे झाले. मला हे एस.टी.तून ठाऊक होतं. गाडीत एक दारूडा चढला की बाकीचे त्याच्याशी हुज्जत घालत नाहीत, पुढच्या थांब्यावर उतरून घेतात. चार थांब्यांनंतर गाडीत चढणाऱ्याला वाटतं, ही गाडीच दारूड्यांची आहे. एवढं कळत असून मी कंट्रोलर म्हणून काही केलं नाही, कारण सभासद वाढत होते.

त्याच सुमारास बसस्थानकावर एक जुना कंडक्टर भेटला. म्हणाला, "साहेब, तुमचे ते वासूकाका भारी हिंडतात हो. आज देवगड, परवा दोडामार्ग. पंच्याहत्तरी झाली, तिकीट नाही. हातात पिशवी, आणि अख्ख्या गाडीला मासळीचा वास." मी लगेच ताडलं की हा चाहत्यांकडून सत्कार घेत फिरतोय. शाल, नारळ आणि फोटो. घरी येऊन बायकोला म्हटलंही, "आमच्याच गाडयेतसून फुकट जाता, आणि मिरवता." 

मग तो दिवस आला. दुपारी जेवून मी फोन पाहत पडलो होतो. मालवणजवळच्या कट्टा गावच्या कुणा सुनंदा परब म्हणून बाई होत्या, त्यांनी बांगड्याच्या आमटीचा फोटो टाकला होता. आमटी फिकी, जवळजवळ पांढुरकी, वर चार तिरफळं तरंगत होती. माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. ते आलं याचाच मला इतका आनंद झाला की फोटोच्या वर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. मी लिहिलं, "ही आमटी म्हणायची की बांगड्याच्या आंघोळीचं पाणी?"

चार वाजेपर्यंत सातशे अंगठे. माझ्या नावाखाली आयुष्यात पहिल्यांदा "व्हय म्हाराजा". कुणीतरी लिहिलं, "ॲडमिननी वासूकाकांना मागे टाकलं." ते वाक्य मी तीनदा वाचलं. आठवलं की अजून कान तापतात, पण त्या दुपारी मी सुखी होतो, अगदी खराखुरा सुखी. बायकोला हाक मारून फोन दाखवला.

तिने चष्मा लावून आधी वरचं वाचलं. सुनंदाबाईंनी लिहिलं होतं, "आज वर्षाने ही आमटी केली. ह्यांना आवडायची." बायको म्हणाली, "ही माझ्या भैणीच्या शेजारची. तिचो घोव गेल्या सालात वारलो." फोन माझ्या हातात ठेवून ती आत निघून गेली. त्या दिवशी चहा झाला नाही.

मी पुन्हा ग्रुप उघडला तेव्हा फोटो नव्हता. बाईंनी काढून टाकला होता आणि त्या ग्रुप सोडून गेल्या होत्या. फोटोबरोबर माझं वाक्यही गेलं आणि त्याखालचे सातशे अंगठेही गेले. खरं सांगायचं तर आधी मला अंगठ्यांचं वाईट वाटलं. बाईंचं वाईट वाटायला रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासू दारात. तो आमच्याकडे कधी येत नसे, मीच त्याच्याकडे जायचो. आत न येता पायरीवर उभा राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कंट्रोलर, कट्ट्याक कधी जातंस?"

"कट्ट्याला? कशाला?" मला राग आला की मी प्रमाण मराठीत शिरतो, ती नोकरीची सवय.

"जेवूक."

मला वाटलं, हा माझी खिल्ली उडवतोय. पण तो हसत नव्हता. पायरीवर बसला आणि त्याच्या मानाने हळू बोलू लागला. "तिच्या आमटीक नाव ठेवलंस मा? मगे ती आमटी जेवूक नको? माझो बापूस रापणीचा जाळा वडताना जेका गाळी घालायचो, सांजचो तेच्याच खळ्यात जावन पेज जेवायचो. गाळ घातली तर तेच्या घराक जेवूक जावचा लागता. नायतर ती गाळ नाय, थुंकी."

"म्हणजे तू जातोस? सगळ्यांकडे?"

"तेच्यातच दिवस जातत. मासळेचो वास येता म्हणान तो कंडक्टर माका पाठी बसवता." दोडामार्गला, देवगडला, वेंगुर्ल्याला तो असा जाऊन आला होता. ज्याच्या मासळीला नाव ठेवलं त्याच्या घरी सकाळच्या बाजारातली मासळी पिशवीतून घेऊन जायचं, डोळा कसा बघायचा, कल्ले कसे उघडायचे ते दाखवायचं, त्यांच्याच चुलीवर शिजवायला लावायचं आणि जेवून दुपारच्या गाडीने परत यायचं. दादरचा साहेबसुद्धा सुटला नव्हता. तो गणपतीला बहिणीकडे आला, तर वासू सुरमई घेऊन तिथे हजर.

"आणि ज्यांच्याकडे जाणं जमणार नाही? कॅनडावाले?"

"तेंका मी कधी बोललंय? बघ जावन."

मी नंतर जाऊन पाहिलं. खरोखरच बोलला नव्हता. इतके दिवस मी त्याचे अंगठे मोजत होतो, पण हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"मग हे ग्रुपवर का नाही लिहीत?" मी विचारलं.

"जेवलेला काय सांगीत फिराचा?"

आता इथे एखादा भला माणूस चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाला असता. मला मात्र त्याचा नवाच मत्सर वाटला. अंगठे तर त्याचे होतेच, आता चांगुलपणाही त्याचाच निघाला. मी म्हटलं, "ग्रुपवरचं ग्रुपवर मिटवावं. मी माफीचं निवेदन टाकतो."

वासू उठला. "कंट्रोलर," तो म्हणाला, "जल्मभर गाडये सोडलंस, गाडयेत कधी बसलंस नाय." आणि गेला.

मी निवेदन टाकलं. सर्व सदस्यांना नम्र निवेदन, कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास वगैरे. त्याला नऊ अंगठे मिळाले. ज्या बाईंची माफी मागितली त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच, हे मला टाकून झाल्यावर लक्षात आलं. वासू नंतर रस्त्यात भेटला की मान हलवायचा, बोलायचा नाही. त्याने न ओरडणं म्हणजे काय असतं ते मी दोन महिने ऐकलं. मला वाटायचं, एखाद्या दिवशी जाऊन सांगावं, चल, कट्ट्याला जाऊ. आज नको, उद्या, असं चाललं होतं.

वैशाखात एका सकाळी चहाची बशी तोंडाला लावतानाच तो गेला. ग्रुपवर बातमी मलाच टाकावी लागली. हजारो लोकांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. माझ्या कुठल्याही पोस्टला मिळाली नव्हती एवढी दाद त्या बातमीला मिळाली, आणि मेलेल्या माणसाचे अंगठे मोजणारा माझ्यासारखा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. तीन हजार दोनशे.

बाराव्याला त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाहेरगावची पंचवीस-तीस माणसं आली होती. घरच्यांना एकही ओळखीचा चेहरा दिसेना. वासूची सून मला म्हणाली, "काका, हे कोण सगळे?" मी एकेकाला विचारत गेलो. दोडामार्गचा एक गृहस्थ म्हणाला, "माझ्या बांगड्याक 'टायर' म्हणाले. आणि दोन गाड्ये बदलून माझ्याकडे इले." देवगडची एक म्हातारी म्हणाली, "माका बोलले ता माझ्या सासूनय कधी बोलूक नाय. पण तेंच्यासारखो जेवणारो माणूस शोधून गावाचो नाय." वासूची नक्कल करून ज्यांनी ग्रुपवर नाव कमावलं होतं त्यांच्यातला एकही त्या खळ्यात नव्हता. मी होतो, तो शेजारी म्हणून.

कोपऱ्यात एक बारीकशा बाई उभ्या होत्या. मला पाहून पुढे आल्या. "तुमीच काय ते कंट्रोलर?"

मी हो म्हणालो. मला त्या कोण ते विचारावं लागलं नाही.

"वासूदादा दोन म्हयन्यांपूर्वी इल्ले," सुनंदाबाई म्हणाल्या. "जेवले. जाताना माका म्हणाले, लिवणारो माणूस वायट नाय गो, जरा उशिराची गाडी आसा. येतलो. म्हणान मी दोन बुधवार बांगडे हाडून ठेवलंय."

एवढं बोलून त्या सुनेला भेटायला आत गेल्या. मी जाणार नाही म्हटलं होतं, आणि ह्या माणसाने तिथे जाऊन माझ्या नावाने जागा धरून ठेवली होती.

पुढच्या बुधवारी मी बाजारात गेलो. पंचवीस बांगड्यांचे डोळे पाहिले, सहा घेतले आणि कट्ट्याची गाडी पकडली. खिडकीमागून मी ती गाडी किती हजार वेळा सोडली असेन, तिच्यात बसून पहिल्यांदाच गेलो. मागच्या बाकावर बसलो, मासळीचा वास होता म्हणून.

सुनंदाबाईंनी आमटी केली. तशीच फिकी, पांढुरकी. ताट मांडून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांका घशाचा दुखणा होता. तिखाट सोसा नाय. दरखेपेक एक मिरची कमी करीत गेलंय. आता ते नाय, पण हात तसोच पडता." मग म्हणाल्या, "खरा सांगा, कशी झाली?"

माझ्याकडे तीस वर्षांचं गोड बोलणं शिल्लक होतं. पण वासू पडवीत बसून ऐकतोय असं वाटलं. "पाणचट आसा," मी म्हणालो.

"वासूदादा ह्याच म्हणाले," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसत असाव्यात तशा हसल्या. त्यांनी मला आणखी भात वाढला, वर आमटी ओतली. मी ते संपवलं आणि पोट भरल्याचं सांगून हात आवरता घेतला.

"इतक्यातच?" त्या म्हणाल्या. "तेंनी तीनदा घेतल्यानी."

मी ताट पुढे केलं.